सल्ला हवाय: भावाच्या पन्नाशीला क्लासिक रॉकच्या एलपी, बजेट ७,०००

ठाणेकर_मीरा: मोठ्या भावाची पन्नाशी दिवाळीनंतर आहे. कॉलेजात असताना काळा घोड्याच्या रिदम हाऊसमधून कॅसेटी आणायचा. आता रेकॉर्ड प्लेअर घेतलाय, आणि कव्हर हातात आलं की उलटं करून आधी प्रोड्यूसरचं नाव वाचतो. प्रोड्यूसरची करामत कानाला कळेल अशा दोन-तीन एलपी द्यायच्यात. सगळ्या मिळून ७,०००, वर एक रुपया नाही. नव्या घेऊ की जुन्या? बीटल्सचे 'सार्जंट पेपर' आणि 'अ‍ॅबी रोड' त्याच्याकडे आहेत.

कोथरूडचा_काका: 'सार्जंट पेपर'ला पर्याय नाही. १९६७ साली चार ट्रॅकच्या मशीनवर बीटल्सचा प्रोड्यूसर जॉर्ज मार्टिननं एवढं उभं केलं, आज कुणाला जमणार? त्याच्या मुलानं, जाइल्सनं, २०१७ साली नव्यानं मिक्स केलेला मोठा संच मी लंडनहून मागवला. बजेट दुप्पट करा आणि तोच घ्या.

टेपवेडा: काका, धागा नीट वाचा, तो आहे त्यांच्याकडे. मीराताई, मार्टिनच हवा असेल तर 'मॅजिकल मिस्टरी टूर' घ्या. त्यात 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर' आहे. लेननला एका टेकची (एका वेळच्या रेकॉर्डिंगची) सुरुवात आवडली आणि दुसऱ्याचा पुढचा भाग. दोन्हींची लय वेगळी, पट्टी वेगळी. मार्टिन आणि इंजिनिअर जेफ एमरिकनं एका टेपचा वेग वाढवला, दुसरीचा कमी केला आणि जोडून टाकलं. बरोबर पहिल्या मिनिटाच्या आसपास सांधा आहे. हेडफोन लावून ऐका, तिथून पुढे लेननचा आवाज जरा जड झालेला कळतो.

गिटारवाला_कोल्हापूर: बीटल्स पुरे. डीप पर्पलचं 'मशीन हेड', १९७२. स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोचा कॅसिनो फ्रँक झापा या गायकाच्या कार्यक्रमात जळाला, मग रिकाम्या ग्रँड हॉटेलच्या बोळात ड्रम मांडून रेकॉर्डिंग केलं, मशीन बाहेर रोलिंग स्टोन्सच्या रेकॉर्डिंगच्या गाडीत. प्रोड्यूसर म्हणून बँडचंच नाव आहे, पण इंजिनिअर मार्टिन बर्चचा कान तिथेच ओळखू येतो. पुढे आयर्न मेडन हा बँड त्यानंच घडवला. आणि जुनी रेकॉर्ड अजिबात घेऊ नका. मला एका दुकानानं 'एकदम नवीसारखी' म्हणून दिलेल्या रेकॉर्डवर दुसऱ्याच गाण्यात सुई अडकते, परत घ्यायला तयार नाहीत.

न्यूजर्सीकर: पिंक फ्लॉइडचं 'डार्क साइड ऑफ द मून', डोळे मिटून. अ‍ॅलन पार्सन्सनं काय प्रोड्यूस केलंय! इथे गराज सेलमध्ये मला अगदी स्वस्तात मिळालं.

टेपवेडा: पार्सन्स इंजिनिअर होते. प्रोड्यूसर स्वतः बँड, आणि शेवटच्या मिक्सवर नजर ठेवायला ख्रिस थॉमस. भाऊ श्रेयनामावली वाचणारा आहे म्हणून सांगतो.

न्यूजर्सीकर: नाव काहीही असो, आवाज त्यांचाच आहे.

टेबललँड: कुणीच क्वीनचं नाव घेत नाही? त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी आमच्या पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकला, पहिला बँड 'द हेक्टिक्स' तिथलाच. 'अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा', १९७५, बँडसोबत प्रोड्यूसर रॉय थॉमस बेकर. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'तला ऑपेराचा अख्खा जमाव म्हणजे बँडमधले तिघेच जण, पुन्हा पुन्हा गाऊन थरावर थर चढवलेले. टेप इतकी फिरली की झिजून आरपार दिसायला लागली.

कोथरूडचा_काका: जुनी घेऊ नका हे मला मान्य नाही. कोलकात्याच्या दमदमच्या कारखान्यातल्या एचएमव्हीच्या रेकॉर्डी माझ्याकडे अजून खणखणीत वाजतात.

शाल्मली: दोघांचंही खरं आहे, प्रत सापडण्यावर आहे. जुनी घेताना दिव्याखाली तिरकी धरून बघा. नखाला लागेल असा ओरखडा असेल तर सोडा. कडेनं डोळा लावून वाकलीय का पाहा. विक्रेता वाजवून दाखवत नसेल तर घेऊ नका. नवीवर '१८० ग्रॅम' (रेकॉर्डचं वजन) छापलेलं असलं म्हणून आवाज चांगला असतोच असं नाही, मास्टरिंग, म्हणजे छापण्याआधी आवाजावरचा शेवटचा हात, कुणी फिरवला ते बघा. आणि भावाची सुई किती जुनी आहे हे आधी तपासा, झिजलेली सुई चांगली रेकॉर्ड खाते.

गिटारवाला_कोल्हापूर: तेच म्हणतोय मी, जुनी नकोच.

ठाणेकर_मीरा: सगळ्यांचे मनापासून आभार. सुई खरंच पहिल्या दिवसापासूनची निघाली, म्हणून निम्मे पैसे नव्या सुईला ठेवले. रेकॉर्ड एकच घेतली, नवी: डेव्हिड बोईचं 'हीरोज', १९७७, बर्लिनचा हान्सा स्टुडिओ. प्रोड्यूसर टोनी व्हिस्कॉन्टीनं तीन माइक लावले, एक बोईच्या तोंडाशी, दुसरा २० फुटांवर, तिसरा ५० फुटांवर. लांबचे दोन माइक आवाज चढल्याशिवाय उघडतच नाहीत. म्हणून शेवटच्या कडव्यांत तो ओरडतो तेव्हा अख्खा हॉल ऐकू येतो. भावाला हे ऐकवायचंच आहे.

कोथरूडचा_काका: बोई चांगला आहे, पण पन्नाशीला मार्टिनच शोभला असता. ते दमदमवाले कुणाला हवे असतील तर ऐकायला या, विकणार नाही.