मदत हवी आहे: आईला वाहाकाचे माग दाखवायचेत, बाजाराच्या वारांचं गणित जमेना

नमस्कार मंडळी,

थँक्सगिव्हिंगला मेक्सिकोतल्या वाहाकाला चाललोय (स्पेलिंगवर जाऊ नका, उच्चार हाच). बुधवारी रात्री पोचू, सोमवारी पहाटे परत. नवरा, मी आणि सध्या आमच्याकडे आलेली आई. आईचं माहेर येवला, घरात पैठणीचे माग. तिला समुद्र नको, पिरॅमिडही नकोत. "विणणारी माणसं दाखव," एवढंच म्हणते. वय 68, गुडघे कुरकुरतात, आणि ती शुद्ध शाकाहारी.

तिथे आपल्यासारखेच आठवडी बाजार भरतात असं दिसतंय. गुरुवारी साचिला, शुक्रवारी ओकोत्लान, रविवारी त्लाकोलुला. कारागिरांची गावंही जवळपासच. पण बाजाराच्या दिवशी गावातलं माणूस बाजारात गेलं, तर मागावर कोण बसलेलं दिसणार? गालिच्यांचं तेओतित्लान नेमकं त्लाकोलुलाच्या वाटेवर आहे, म्हणून रविवारी दोन्ही उरकावं असा विचार होता. चुकतोय का?

शिवाय, भाव करायचा की नाही? आईला घासाघीस केल्याशिवाय बाजार केल्यासारखं वाटत नाही. तिथली मातीची भांडी स्वयंपाकाला चालतात का? आणि आईच्या पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिजिटर व्हिसा आहे, मेक्सिकोचा वेगळा काढावा लागेल का?

प्रतिसाद

व्हिसाचं आधी: अमेरिकेचा व्हिसा चालू असेल तर मेक्सिकोचा वेगळा लागत नाही.

आता आखणी. वारांपेक्षा रस्ता बघा. शुक्रवार दक्षिणेच्या रस्त्याला द्या. सकाळीच थेट ओकोत्लानचा बाजार गाठा आणि येताना एकेक गाव घ्या: हालिएसा, लाकडी रंगीत प्राण्यांचं तिलकाहेते, काळ्या मातीच्या भांड्यांचं कोयोतेपेक. वेळ कमी पडला तर तिलकाहेते गाळा, पण सांतो तोमास हालिएसा गाळू नका. तिथल्या बायका मागाचं एक टोक खांबाला बांधतात, दुसरं पट्ट्याने स्वतःच्या कमरेला. ताण द्यायचा तर अंग मागे रेलायचं, सैल करायचा तर पुढे झुकायचं. खड्ड्याचा माग बघत वाढलेल्या बाईला हे बघायला फार मजा येईल.

तेओतित्लान रविवारी नको, शनिवारी शांतपणे करा. तिथले पायमाग स्पॅनिश लोकांबरोबर आले, पण विणकर सापोतेक, म्हणजे तिथले मूळचे लोक, आणि घरात भाषाही तीच. गालिच्यांवरची पायऱ्यांची नक्षी मित्ला गावातल्या प्राचीन अवशेषांच्या दगडी भिंतींवरची आहे. लाल रंग निवडुंगावरच्या किड्याचा, कोचिनीलचा. पिठ्या ढेकणासारखा पांढरा दिसतो, तळहातावर चिरडला की रक्तासारखा लाल. त्यावर लिंबू पिळलं की केशरीकडे झुकतो, चुना घातला की जांभळा होतो. हे करून दाखवायला सांगाच. निळा रंग नीळच.

रविवार मग फक्त त्लाकोलुलाला. बाजार मोठा आहे, आईंना सावलीत बसायची जागा आधी हेरून ठेवा.

प्रतिसाद

भावाबद्दल थोडं कडू बोलते. बाजारात थोडी घासाघीस चालते. विणकराच्या घरी मात्र करू नका. लोकर पिंजण्यापासून रंगवण्यापर्यंतचं काम डोळ्यांसमोर बघायचं आणि मग अर्धा भाव सांगायचा, हे बरं दिसत नाही. दोन नग घेत असाल तर विचारा, ते स्वतःहून कमी करतात. खरी गोम गाडीवाल्यात असते. मोठ्या दालनात नेलं की त्याचं कमिशन सुटतं आणि ते तुमच्याच किमतीत बसतं. निघतानाच सांगा, घर आम्ही निवडणार. रोख पेसो जवळ ठेवा.

भांडी: आत्सोम्पा गावच्या भांड्यांची हिरवी झिलई सुंदर, पण पारंपरिक झिलईत शिसं असतं. चिंचेची आमटी किंवा टोमॅटोचं सार त्यात केलंत तर ते अन्नात उतरतं. "सिन प्लोमो", म्हणजे बिनशिशाचं, असं सांगूनच मागा, नाहीतर फुलं ठेवायला वापरा. काळ्या भांड्यांची वेगळीच गंमत. पूर्वी ती राखाडी आणि दणकट असत, पाणी आणि मेस्कालची दारू वाहायला वापरत. 1950च्या दशकात डोन्या रोसा या कुंभारणीने कच्चं भांडं गारगोटीने घासून कमी आचेवर भाजलं आणि ते काळंभोर चमकायला लागलं. पण आता त्यात पाणी ठरत नाही, पाझरतं.

प्रतिसाद

जेवणाचं कुणी बोललंच नाही! बीन्सच्या वाटणात आणि त्लायुदा नावाच्या मोठ्या पापडासारख्या पोळीवर डुकराची चरबी असते. "सिन मांतेका, सिन आसिएंतो", म्हणजे चरबी नको, हे दोन शब्द घोकून जा. मोलेच्या रश्श्यात कोंबडीचं पाणी असतं, तो नकोच. केसिय्यो हे दोऱ्यासारखं सुटणारं चीज आणि भोपळ्याची फुलं घातलेली मक्याची पोळी मिळाली की पोट भरलं. मका-कोकोचं तेहाते हे फेसाळ थंड पेय आईंना नक्की आवडेल. आणि हो, बाजारात टोपल्यांत तिखटमीठ लावलेले लालसर ढीग दिसतील. ते नाकतोडे. आईंना आधीच सांगून ठेवा.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. शनिवार तेओतित्लान पक्कं. लाल रंगाच्या किड्यांचं सांगताना जरा बिचकले होते, तर आई म्हणाली, "रेशमाचे कोष काय आपोआप सुटतात का?" आता तिची एकच अट आहे: तिथल्या विणकराने पाच मिनिटं तरी तिला मागावर बसू द्यावं. पायमाग उभ्याने चालवतात म्हणे, गुडघ्यांचं काय करायचं? आणि हे विचारायला स्पॅनिशमध्ये काय म्हणू?