एमिली डिकिन्सनचे ॲमर्स्ट पायी पाहताना : तुमचे अनुभव

अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सन जिथे राहिली ते मॅसॅच्युसेट्समधले ॲमर्स्ट हे कॉलेजांचे गाव (तिथले लोक नावातला 'ह' उच्चारत नाहीत) ज्यांनी साहित्याच्या ओढीने पायी पाहिले, त्यांनी आखणी कशी केली आणि ती कुठे फसली, हे कृपया लिहावे. सुरुवात मी करतो.

मुलगी तिथल्या विद्यापीठात शिकते म्हणून ऑक्टोबरात आम्ही दोघे गेलो होतो. मी आठ ठिकाणांचे तासवार वेळापत्रक केले होते, आणि ते मेन स्ट्रीटवरच्या डिकिन्सनच्या घरातच (तेच आता तिचे संग्रहालय आहे) कोलमडले. वरच्या मजल्यावर तिच्या कोपऱ्यातल्या खोलीत लिहिण्याचे मेज आहे. मूळ मेज हार्वर्डमध्ये असून ही प्रतिकृती आहे, पण ते इतके लहान आहे की त्यावर फूलस्केप वही उघडली तर कोपर टेकायला जागा उरणार नाही. सुमारे 1,800 कवितांपैकी हयातीत जेमतेम दहा छापल्या गेल्या, बाकीच्या 1886 साली एमिलीच्या मृत्यूनंतर तिच्या बहिणीला सापडल्या, हे मार्गदर्शक सांगत होता आणि सौ. त्या मेजापासून हलायला तयार नव्हती. उरलेल्या सात ठिकाणांपैकी तीन झाली.

न्यू जर्सीहून : घर आधी आणि वेस्ट सेमेटरी ही दफनभूमी नंतर, हा क्रम मोडू नये. डिकिन्सनच्याच इच्छेनुसार तिची शवपेटी मागच्या दाराने काढून, कोठारातून आणि शेतांतून दफनभूमीकडे नेली होती, हे घरात ऐकल्यावर ती दहा-पंधरा मिनिटांची चाल निराळी वाटते. लोखंडी कठड्याआडच्या तिच्या दगडावर जन्म-मृत्यूच्या तारखांबरोबर 'कॉल्ड बॅक' (परत बोलावले) एवढे दोनच शब्द आहेत, आणि त्यावर लोक खडे, पेन्सिली ठेवून जातात. माझ्या आईने पर्स उलटीसुलटी करून अखेर बँकेच्या स्लिपा भरायचे बॉलपेन काढले; मी तिला कशीबशी एक पेन्सिल मिळवून दिली.

ठाण्याहून : आम्ही जानेवारीत गेलो आणि संग्रहालय हिवाळ्यात बंद असते हे न पाहिल्याची शिक्षा भोगली. दिवस जोन्स लायब्ररीत काढला. तिथे डिकिन्सन आणि कवी रॉबर्ट फ्रॉस्ट या दोघांचेही संग्रह आहेत, मात्र त्या विभागाच्या वेळा आधी विचाराव्यात. फ्रॉस्ट ॲमर्स्ट कॉलेजात शिकवत असत. तिथल्या त्यांच्या नावाच्या ग्रंथालयाच्या पायाभरणीला राष्ट्राध्यक्ष केनेडी 26 ऑक्टोबर 1963 रोजी, म्हणजे हत्येच्या महिनाभर आधी, आले होते.

बॉस्टनहून : कवयित्रीच्या आधी कॉलेजांचे कॅलेंडर पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. सत्र संपले की स्थानिक बस कमी होतात आणि पदवीदानाच्या दिवसांत खोल्या मिळत नाहीत. 15 मे ही तिची पुण्यतिथी. त्या सुमारास संग्रहालय कवितांची पदयात्रा काढते, ती थडग्यापाशी संपते. नेमके त्याच दिवसांत पालकांची गर्दी असल्याने मला खोली मिळाली ती पार होल्योक या दुसऱ्या गावी. दोन बस बदलून पोहोचलो तोवर मंडळी घरापासून निघून गेली होती. दफनभूमीच्या फाटकाशी त्यांना गाठले आणि शेवटच्या दोन कविता ऐकल्या.