मोहरीने कॅडमियम किती निघेल?

मातीतलं कॅडमियम, म्हणजे एक विषारी जड धातू, काढण्यासाठी तळोज्याच्या औद्योगिक भागाजवळच्या प्लॉटवर दोन हंगाम मोहरी घेऊन मग पालक लावा, अशी सूचना कुणीतरी केली आहे. ती धोक्याची वाटते.

कॅडमियम पानांत साठवण्याची खरी ताकद ॲराबिडॉप्सिस हॅलेरीसारख्या मोजक्या वनस्पतींत आहे. मुळातून जस्त आणि कॅडमियम खोडाकडे चढवणाऱ्या एचएमए४ जनुकाच्या तिच्यात तीन प्रती आहेत, आणि त्यांचे प्रवर्तकही (जनुक चालू करणारे भाग) जास्त जोरकस आहेत. मोहरी तिच्याच कुळातली, पण तेवढ्याने ती क्षमता येत नाही.

हिशेब करा. एका गुंठ्यात २० सेंमी खोलीपर्यंत साधारण २६ टन माती. त्यातून किलोमागे १ मिग्रॅ कॅडमियम कमी करायचं म्हणजे २६ ग्रॅम बाहेर काढायचं. १०० किलो सुक्या मोहरीत किलोमागे १० मिग्रॅ धरलं, तरी एका पिकात १ ग्रॅमच निघतं. म्हणजे २६ पिकं! शिवाय कापलेली मोहरी कंपोस्टात टाकली तर सगळं परत मातीत.

भातात उलटं घडतं. एचएमए३ जनुक कॅडमियम मुळांच्या पेशींतल्या रिक्तिकेत (साठवणीच्या पिशवीत) कोंडून ठेवतं. ज्या वाणांत ते निकामी आहे, त्यांच्या दाण्यात कॅडमियम जास्त जातं. म्हणून वाणाची निवड महत्त्वाची.

आधी माती तपासा: एकूण कॅडमियम, डीटीपीए या रसायनाने निघणारं (म्हणजे पिकाला मिळू शकणारं) कॅडमियम आणि सामू (पीएच), तिन्ही. सामू ६ च्या खाली असेल तर चुना देऊन ६.५ च्या वर आणा. पालक, माठ टाळून भेंडी, वाल, दुधी घ्या. पानांवरची शिशाची धूळ धुऊन बरीच जाते. मुळातून आत शिरलेलं कॅडमियम धुऊन जात नाही.