प्रतिसाद: हलकी रायफल, जोरदार धक्का

एकाने विचारलंय की रायफलला साध्या पोलादी बॅरलऐवजी (नळीऐवजी) कार्बन फायबरची हलकी बॅरल घ्यायला दुप्पट पैसे मोजून हातात काय पडतं. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत एल्कच्या (मोठ्या हरणाच्या) शिकारीला दहा हजार फुटांवर दिवसभर चढायचं असेल, तर भरपूर काही. माझी रायफल दुर्बिणीसकट आठ पौंडांच्या आत बसते. संध्याकाळी खांदा काय म्हणतो, तिथे हा फरक कळतो.

पण नुसतं वजन बघून घेऊ नका. बॅरल अख्खी कार्बनची नसते. आत पोलादाची बारीक नळी असते आणि तिच्यावर कार्बन फायबर रेझिनमध्ये गुंडाळलेलं असतं. त्यामुळे बाहेरून हात लावला तर कोमट लागते आणि आतलं पोलाद मात्र चांगलंच तापलेलं असतं. सरावाला तीन गोळ्या झाल्या की मी बोल्ट (बॅरलचं मागचं तोंड बंद करणारा सरकता दांडा) उघडा ठेवून ती निवेपर्यंत निवांत थांबतो. टारगेटवर मारा करत दुपार घालवायची असेल तर साधी जाड पोलादी बॅरलच बरी.

दुसरं म्हणजे गोळी सुटताना खांद्याला बसणारा धक्का. काडतूस तेच ठेवून रायफल आठ पौंडांवरून साडेसहावर आणली, तर धक्क्याची ऊर्जा जवळजवळ २३ टक्क्यांनी वाढते. .३०० विन मॅगसारख्या जोरदार काडतुसात हे फार जाणवतं, आणि धक्क्याच्या धास्तीने ट्रिगर ओढताना अंग आकसलं की नेम गेलाच! मझल ब्रेकने (बॅरलच्या तोंडावर बसवायच्या, वायू बाजूला वळवणाऱ्या तुकड्याने) धक्का कमी होतो, पण शेजारी उभ्या असलेल्याच्या कानांचे हाल होतात. म्हणून ६.५ क्रीडमूर किंवा ७ एमएम-०८ अशा कमी धक्क्याच्या काडतुसाची रायफल घ्या, असं मी मनापासून सांगेन.