'द ग्रेप्स ऑफ रॅथ' : कुटुंबाच्या कथेबाहेरची प्रकरणे वगळावीत का?

प्रश्न :
जॉन स्टाइनबेक यांची १९३९ सालची ही कादंबरी मी सध्या वाचत असून नवव्या प्रकरणापर्यंत आलो आहे. तुरुंगातून सुटलेला टॉम जोड आपल्या ओसाड घरापाशी पोहोचतो, तो प्रसंग मनातून जात नाही. परंतु दर एक-दोन प्रकरणांनंतर हे कुटुंब नाहीसे होते आणि धूळ, कासव किंवा जुन्या मोटारींचे विक्रेते यांच्यावर अख्खे प्रकरण खर्ची पडते. ही प्रकरणे वगळली तर काय गमवावे लागेल? शिवाय, या लोकांना दुष्काळाने देशोधडीला लावले की बँकेने, हेही मला नीट उमगलेले नाही.

प्रतिसाद १ :
कृपया वगळू नका, निदान नववे तरी नाही. त्यात कोणा एका घराचे नाव न घेता, निघालेल्या सगळ्याच कुटुंबांचे सामान मातीमोल भावाने कसे विकले जाते ते येते. विकायच्या घोड्यांच्या आयाळीत आपली रिबन बांधणारी लहान मुलगीही तिथेच भेटते. दहाव्या प्रकरणात जोड कुटुंबातले पुरुष सामान विकून परततात, तेव्हा लेखक बाजारातली घासाघीस पुन्हा सविस्तर दाखवत नाही. हलवता येण्याजोग्या साऱ्या चीजवस्तूंचे मिळून अठरा डॉलर आले, हे तो थोडक्यात सांगतो. नववे वाचलेले असेल तरच त्या अठरा डॉलरांमागची मानहानी कळते. तीस प्रकरणांची ही वीण बरीचशी अशीच आहे : आधी सर्वांचे दुःख, मग त्यातले एक घर.

प्रतिसाद २ :
आपल्या दुसऱ्या प्रश्नाविषयी लिहितो. जोड कुटुंब ज्या सॅलिसॉ परिसरातले आहे तो ओक्लाहोमाच्या पूर्व भागात येतो, आणि धुळीच्या वादळांचा सर्वांत मोठा तडाखा बसलेला पट्टा त्याच राज्याच्या पश्चिम टोकाला होता. पूर्वेकडे कापूस पिकवणारी कुळे उठवली गेली त्यामागे पडलेले भाव, कर्ज आणि ट्रॅक्टर ही कारणे होतीच. त्यात १९३३च्या कायद्याने पेरा कमी करण्यासाठी सरकार पैसे देऊ लागले, ते प्रामुख्याने जमीनमालकांच्या हाती पडले आणि कुळे ठेवण्याची त्यांना गरज उरली नाही. म्हणून पाचवे प्रकरण मला सर्वांत मोलाचे वाटते. घर पाडायला आलेला ट्रॅक्टरचालक ओळखीच्याच माणसाचा मुलगा निघतो, तीन डॉलर रोजावर काम करणारा. मग बंदूक रोखायची तरी कोणावर, या कुळाच्या प्रश्नाला उत्तर मिळत नाही, कारण चालकामागे बँक आहे आणि बँकेमागे दूरच्या शहरातून येणारे हुकूम.

प्रतिसाद ३ :
वरील दोघांशी सहमत आहे, तरी सगळी प्रकरणे सारख्या तोलाची नाहीत. चौदाव्यात लेखक कथा सोडून स्वतःच प्रतिपादन करू लागतो आणि ते वाचताना मला दर वेळी जड जाते. याउलट पंचविसाव्यात भाव टिकावेत म्हणून संत्र्यांवर रॉकेल ओतले जाते, नदीत फेकलेले बटाटे कोणी काढू नयेत म्हणून पहारे बसतात. भुकेली माणसे काठावर उभी राहून पाहतात. शीर्षकातले द्राक्षांचे रूपकही याच प्रकरणाच्या शेवटी येते. स्टाइनबेक यांनी १९३६ साली कॅलिफोर्नियातील स्थलांतरित मजुरांच्या छावण्या पाहून वृत्तपत्रात लेखमाला लिहिली होती. ते पाहणे या पानांत जाणवते.

मूळ प्रश्नकर्ता :
आभारी आहे. नववे पुन्हा पहिल्यापासून वाचले आणि लगेच दहावे हाती घेतले. अठरा डॉलरांचे ते वाक्य आल्यावर मला पुस्तक काही वेळ बाजूला ठेवावे लागले.