वाचनालयात चर्चा सुरू होत नाही, काय करू?

निवृत्त पोस्टमास्तर (देवगड तालुका)

नमस्कार मंडळी. गावच्या वाचनालयात महिन्यातून एकदा, शनिवारी संध्याकाळी सहाला चर्चा ठेवायची असं मी मार्चमध्ये ठरवलं. पहिला विषय 'वाचनसंस्कृती लोप पावत आहे का?' अकरा जण आले. मी वीस मिनिटं प्रास्ताविक केलं आणि 'आता बोला' म्हटलं. सगळे पंख्याकडे बघत बसले. शेवटी सरपंच म्हणाले, 'होय, पावत आहे.' झालं, चहा.

एप्रिलमध्ये इरेला पेटून पर्ससीन मासेमारी (मोठं जाळं गोल टाकून अख्खा थवा पकडतात ती) हाच विषय घेतला. त्या वेळी बोलले सगळे, पण एकाच वेळी, आणि दोन चुलतभाऊ उठून गेले ते अजून वाचनालयाची पायरी चढलेले नाहीत. म्हणजे एकदा मुकं, एकदा भांडण. मधलं काही जमतं का? चाळीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत बसलो, माणसं मला नवीन नाहीत.

तिरफळ

काका, वाचलंय. तुमच्या पयल्या प्रश्नाक माणूस 'होय म्हाराजा' सोडून दुसरा काय म्हणतलो? देवाच्या गाऱ्हाण्यात कसा, पुढचो बोलता आणि मागचे हुंकार देतत. तुमका चर्चा होयी काय हुंकार होयो?

असा काय तरी इचारा, जेचा उत्तर प्रत्येकाक तोंडपाठ असा, पण शेजाऱ्याचा येगळा असा. माझ्या म्हायेराक बांगड्याच्या तिखल्यात तिरफळां ठेचून घालतत, सासरी अख्खी. ह्या एका गोष्टीर माझी नी सासूची वीस वर्सां चर्चा चालू असा. प्रास्ताविक कोणी केलेला नाय.

वाशिष्ठीकाठचा

तिरफळताईंशी सहमत. आमच्या चिपळूणचं सांगतो. 22 जुलै 2021 च्या पुरानंतर आम्ही काही जण जमलो. 'आपत्ती व्यवस्थापन' असा विषय फळ्यावर लिहिला असता तर पंखाच बघितला असता. आमच्यातल्या एका बाईंनी सहज विचारलं, 'पाणी शिरलं तेव्हा माळ्यावर पहिलं काय नेलंत?' कोणी म्हणालं सातबारा आणि पासबुक, कोणी गॅसची टाकी. एका आजींनी लोणच्याची बरणी नेली होती, यंदाचं घातलेलं होतं म्हणून! हसता हसता गाडी वाशिष्ठीतल्या गाळावर गेली, तिथून कोयनेची वीज करून कोळकेवाडी धरणातून खाली येणाऱ्या पाण्यावर. रात्री साडेदहाला उठलो. तोवर एरवी तोंड न उघडणारा आमचा रिक्षावाला नदीचं प्रत्येक वळण बोटानं जमिनीवर काढून दाखवत होता.

आणि हो, सरपंचांना आधी बोलू देऊ नका. ते बोलले की बाकीच्यांना वाटतं निकाल लागला. खुर्च्या टेबलासमोर रांगेत मांडल्या असतील तर त्याही हलवा. रांगेत बसलेला माणूस भाषण ऐकायलाच आलेला असतो.

खाडीपल्याड

मास्तर, वेळ चुकली तुमची. एप्रिलात शनिवारी सहाला कोण मोकळा? बागवाला आंब्याच्या पेट्या भरतोय, बोटवाला लिलावाला उभा. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा घ्या. जाळी विणत बसलेली माणसं आपोआप बोलतात. पर्ससीनचं म्हणाल तर तो प्रश्न पोटाचा आहे, चुलतभावांतला एक बोटीवर खलाशी असेल तर तो चार लोकांत कसा बोलणार? पहिल्याच दोन बैठकांत तिथे हात घालायचा नाही.

निवृत्त पोस्टमास्तर

कळवायला उशीर झाला. जूनच्या दुसऱ्या शनिवारी घेतली बैठक, खुर्च्या ठेवून दिल्या, खळ्यात सतरंजी टाकली. पाऊस आला म्हणून पडवीत सरकलो, त्यामुळे गुडघ्याला गुडघा लागला, ते बरंच झालं. प्रास्ताविक नाही. (घरी लिहून काढलेलं होतं, खिशातच राहिलं.) एवढंच विचारलं, 'यंदाची पहिली पेटी कुठे गेली?'

एकाची वाशीला दलालाकडे, एकाची खासगी बसनं पुण्याला थेट गिऱ्हाइकाकडे, एकाचा आंबा थ्रिप्स किडीमुळे डागी निघून सगळा कॅनिंगला. भाव सांगताना प्रत्येक जण थोडं खोटं बोलला, ते बाकीच्यांनी लगेच पकडलं. मग एका तरुणानं काढलं की 2018 मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर अशा पाच जिल्ह्यांना मिळून, मग देवगडचा वेगळा म्हणून सांगायचा कसा? यावर सव्वा तास. लाईट गेली तरी कोणी उठलं नाही. सरपंच शेवटी बोलले, आणि त्यांना तिघांनी मध्येच तोडलं.

चुलतभावांपैकी धाकटा आला होता. बोलला नाही, पण सतरंजी घडी करायला थांबला.

जुलैत तिरफळ घेतोय. ताई, सासूबाईंना घेऊन या.