व्हॅलेन्सिया: मेर्कादो सेंत्रालजवळचं अपार्टमेंट, सासूसासऱ्यांना घेऊन

मृण्मयी_ठाणे
नमस्कार मंडळी. मार्चच्या मध्यावर आठवडाभर स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाला जायचं ठरतंय. आम्ही दोघं, सहावीतला मुलगा आणि सासूसासरे. सासऱ्यांचे गुडघे दुखतात. सासूबाई पक्क्या शाकाहारी, अंडंही चालत नाही, म्हणून हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेलं घर शोधतेय. मेर्कादो सेंत्राल या तिथल्या मंडईच्या मागच्या गल्लीत एक फार आवडलंय: जुनी इमारत, बाल्कनी, दुसरा मजला. लिफ्टचा उल्लेख नाही. मंडईच्या इतक्या जवळ राहणं कसं पडेल?

तुरियाकाठी
मृण्मयीताई, मी शिकायला असताना याच भागात भाड्याने राहायचो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी तारखा. 1 ते 19 मार्च तिथे फायास हा उत्सव असतो. रोज दुपारी 2 वाजता नगरपालिकेच्या चौकात मास्क्लेता, म्हणजे निव्वळ कडकडाटासाठी लावलेले फटाके. तो चौक मंडईपासून चालत काही मिनिटांवर. 15 तारखेपासून चौकाचौकांत उंच पुतळे उभे, रस्ते बंद, सकाळी 8 ला बँड आणि फटाक्यांनी गल्ली उठवतात, आणि 19 च्या रात्री पुतळे जाळतात. उत्सव अप्रतिम आहे, मुलगा वेडा होईल. पण टॅक्सी दाराशी येणार नाही आणि सासऱ्यांना गर्दीतून चालावं लागेल. माझं स्पष्ट मत: ईस्टरचा आठवडा टाळून एप्रिलमध्ये जा.

दुसरं, मजला. तिथल्या बऱ्याच जुन्या इमारतींत तळमजल्यावर एन्त्रेसुएलो नावाचा मजला, त्यावर प्रिन्सिपाल नावाचा, आणि मग कुठे ‘पहिला’ सुरू होतो. जाहिरातीतला दुसरा मजला चढायला चौथा निघू शकतो. लिफ्ट लिहिलेली नसेल तर नाही असंच धरा. रस्त्यापासून दारापर्यंत पायऱ्या किती, हा आकडा मालकाकडून लेखी घ्या. झोपायच्या खोल्या कुठल्या बाजूला, तेही विचारा. रस्त्याकडच्या खोल्यांत पहाटे मालाच्या गाड्यांचा आवाज येतो. आतल्या चौकाकडच्या शांत पण अंधाऱ्या असतात. जाहिरातीत ‘व्हीटी’ने सुरू होणारा पर्यटन नोंदणी क्रमांक नसेल तर ते घर सोडून द्या. पासपोर्टचे तपशील मागतील, ते मात्र कायद्यानेच लागतात.

एवढं जमलं तर मंडईजवळच राहा, अगदी मनापासून सांगतो. ती इमारत 1928 ची. लोखंड, रंगीत काच, फरश्या, आणि उंच घुमटातून सकाळचा उजेड थेट भाज्यांच्या ढिगांवर येतो. सोमवार ते शनिवार साडेसात ते तीन. नऊच्या आत पिशवी घेऊन खाली उतरा, तेव्हा आजूबाजूच्या घरांतल्या बायका खरेदीला आलेल्या असतात. पर्यटकांचे घोळके नंतर येतात. एप्रिलमध्ये ओले वाटाणे, बाकल्याच्या शेंगा, आर्टिचोक. पायेया या तिथल्या भाताच्या पदार्थात घालतात तो गार्रोफो, मोठा पांढरा पावटाच म्हणा, त्याची उसळ सासूबाईंना नक्की आवडेल. अल्बुफेरा सरोवराकाठी पिकणारा सेनिया तांदूळ घ्या, मऊ खिचडी सुरेख होते. मासळीचा विभाग वेगळ्या घुमटाखाली आहे, त्या दाराने शिरू नका. डुकराच्या सुकवलेल्या तंगड्या मात्र मुख्य दालनातच टांगलेल्या असतात. सासूबाईंना आधी सांगून ठेवा.

समोरच ला लोंखा, पंधराव्या शतकात बांधायला घेतलेला रेशमाचा बाजार, 1996 पासून जागतिक वारसा. पिळाचे दगडी खांब मुलाला जरूर दाखवा.

बेळगावकर_बार्सिलोना
वरच्या प्रतिसादाशी सहमत. एक भर: शेगडी कुठली ते विचारा. इंडक्शन असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर तापणारच नाही, लोहचुंबक चिकटेल अशा बुडाचा स्टीलचा न्या. हिंग, गोडा मसाला, तूरडाळ भारतातूनच घेऊन जा.

मृण्मयी_ठाणे
दोघांचे खूप आभार. मालकाने उत्तर दिलं: 68 पायऱ्या, लिफ्ट नाही. ते घर सोडलं. एप्रिलच्या तारखांना त्याच भागात लिफ्टवालं मिळतंय, थोडं महाग आहे. विमानतळावरून टॅक्सीच करावी का?

तुरियाकाठी
सामान आणि सासरे बरोबर आहेत, टॅक्सीच करा. नाहीतर मेट्रोची 3 किंवा 5 नंबरची लाईन शातिवा स्टेशनला सोडते, पण पुढे दहा-बारा मिनिटं चालायचं आहे. आणि पोचायचा दिवस रविवार ठेवू नका, त्या दिवशी मंडई बंद असते. शनिवारी पोचत असाल तर तीनच्या आत भाजी घेऊन टाका.